लोकअभिरक्षक कार्यालयाची मोफत वकील सेवा : भाच्याच्या खटल्यातला अकरा महिन्यांचा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा १९ वर्षांचा असून जिल्ह्याच्या ठिकाणी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पोलिसांनी त्याला वसतिगृहामागच्या रस्त्यावर पकडले. त्याच्या सॅकमध्ये २३० ग्रॅम गांजा निघाला आणि त्यातला निम्मा वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या लहान पुड्यांमध्ये होता. बरोबरच्या मुलांना त्या पुड्या देऊन तो पैसे घेत असे, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. या खटल्यात अकरा महिने आम्ही ज्या सेवेच्या आधारावर उभे राहिलो, त्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाबद्दल मी हे लिहीत आहे. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून जिल्ह्याचे नाव दिलेले नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या घराने तीन पिढ्या पाळली, आणि त्यामुळेच पायरी चढायची वेळ आली तेव्हा आमच्यापैकी कोणालाच काही माहीत नव्हते. अटकेचा फोन रात्री साडेदहाला आला. सकाळी न्यायालयाच्या आवारात ओळखीतून एक खासगी वकील भेटले. त्यांनी ४०,००० रुपये फी सांगितली आणि सोबत सल्लाही दिला की पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. मेहुणे टेम्पो चालवतात. ते पैसे कुठून उभे करायचे याचा विचार करत आम्ही व्हरांड्यात उभे असतानाच भाच्याचा पुकारा झाला. आत गेल्यावर पाहिले, तर त्याच्या शेजारी काळ्या कोटातल्या एक बाई आधीच उभ्या होत्या आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. रिमांडसाठी आणलेल्या ज्या आरोपीला वकील नसतो, त्याच्यासाठी प्राधिकरणाचा वकील न्यायालयात हजर असतो, हे मला त्या दिवशी कळले.

अमली पदार्थांच्या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, असा मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२० चा निर्णय आहे. मात्र जामिनाबाबतच्या कलम ३७ च्या कडक अटी अल्प प्रमाणाच्या, म्हणजे थोड्या वजनाच्या मालाच्या गुन्ह्याला लागत नाहीत, हेही त्याच निर्णयात आहे, आणि वकील मॅडमनी जामीन अर्जात भर दिला तो यावरच. दोन दिवस पोलीस कोठडी आणि त्यानंतर न्यायालयीन कोठडी असे एकूण नऊ दिवस आत काढून भाचा १५,००० रुपयांच्या जामिनावर बाहेर आला. जामीनदार म्हणून मी स्वतः उभा राहिलो.

तोपर्यंत ही सेवा फक्त कोठडीतल्या माणसासाठी असते, असा माझा समज होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती अशा काही गटांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात ३ लाख रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा आहे. मेहुण्यांचे उत्पन्न त्यात बसत होते. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणला, प्राधिकरणाच्या कार्यालयात एक पानी अर्ज दिला आणि प्रकरण लोकअभिरक्षकांकडे कायम झाले. ही व्यवस्था राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून आलेली आहे. पूर्वी मोफत मदतीसाठी यादीवरचा एखादा खासगी वकील नेमला जाई आणि तो आपली इतर कामे सांभाळून हे काम करी. आता मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक असे पूर्णवेळ वकील असतात आणि ते फक्त फौजदारी प्रकरणे चालवतात. आमचे काम एका सहायक लोकअभिरक्षकांकडे होते.

पहिल्या बैठकीत मी मॅडमना थेट विचारले की कबूल करून दंड भरला, तर हे आजच का संपत नाही? त्यांनी उत्तर देण्याआधी कपाटातून कायद्याचे पुस्तक काढले, कलम ३१ चे पान उघडून माझ्यापुढे ठेवले आणि मला ते मोठ्याने वाचायला लावले. एकदा दोषी ठरलेला माणूस या कायद्याखाली पुन्हा दोषी ठरला, तर त्याची कमाल कैद दीडपट होऊ शकते. म्हणजे आज ‘फक्त दंड’ म्हणून जे वाटते, ते आयुष्यभर मागे राहणारे दोषसिद्धीचे टिपण असते आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते समोर येते. गुन्हा कबूल करायचाच असेल तर तो दोषारोपपत्र आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल वाचल्यावर, परिणाम समजून आणि मुलाने स्वतः ठरवून करावा, कोणी सांगितले म्हणून करू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या एका बैठकीसाठी मी या सेवेला पूर्ण गुण देतो.

कायद्याची रचना त्यांनी आम्हाला जशी समजावली, तशी ती इथे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय त्यांनी नेमके काय केले हे कळणार नाही. १९८५ च्या या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. गांजाचे १ किलोपेक्षा कमी प्रमाण अल्प, आणि २० किलोपेक्षा जास्त ते व्यापारी. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी अल्प प्रमाणाची कमाल कैद सहा महिने होती. कलम २०(ब) मध्ये बाळगणे, विकणे, विकत घेणे, वाहून नेणे आणि वापरणे हे सगळे एकाच ओळीत आहे. त्यामुळे स्वतःसाठी पुडी खिशात ठेवणारा आणि ती मित्राला विकणारा यांच्यात कलम फरक करत नाही. तो फरक न्यायाधीशांनी शिक्षा ठरवताना करायचा असतो.

आणि शिक्षा ठरवताना न्यायाधीशांच्या हातात काय असते, हे पाहिल्यावर मी खरोखर अस्वस्थ झालो. परिवीक्षा म्हणजे दोषी माणसाला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे कलम ६ असे सांगते की जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालच्या आरोपीला, तसे करणे अयोग्य ठरेल अशी खास कारणे असल्याशिवाय, तुरुंगात पाठवू नये. भाचा एकोणीसचा आणि गुन्हा पहिलाच, म्हणजे हे कलम त्याच्यासाठीच लिहिले असावे असे मला वाटले. परंतु अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ३३ ही वाट बंद करते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दोषी व्यक्तीला परिवीक्षेचा लाभ मिळत नाही, आणि त्याला अपवाद आहेत ते फक्त कलम २६ व २७ खालचे गुन्हे. कलम २७ सेवनाचे आहे, आणि भाच्यावर ते नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू पहिल्यांदाच चोरलेल्या मुलाने ती परत केली, तर त्याला समाजसेवा करायला लावता येते. गांजाच्या पुड्या विकलेल्या त्याच वयाच्या मुलासाठी मात्र तशी सोय नाही. कायदा करणाऱ्यांनी यावर पुन्हा विचार करावा असे मला मनापासून वाटते. विकणाऱ्याला मोकळे सोडावे असे माझे म्हणणे नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला सहा महिने परिवीक्षा अधिकाऱ्याकडे हजेरी लावायला सांगणे, ही दंडापेक्षा कितीतरी उपयोगी शिक्षा झाली असती.

एक वाट उरत होती आणि ती मीच पुढे केली, हे मला इथे लिहिले पाहिजे. कलम ३९ प्रमाणे अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनाधीन असेल, तर न्यायालय त्याला शिक्षा देण्याऐवजी, त्याच्या संमतीने आणि बंधपत्रावर, सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचारासाठी सोडू शकते. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणचे नाव आमच्याकडेही सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे उपचार म्हणजे काय याची थोडी कल्पना मला होती. मी मॅडमना म्हणालो, “त्याने चार-पाच वेळा ओढला आहे, तर व्यसनी म्हणून दाखवता येणार नाही का?” त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. “मामा, कायद्यातला व्यसनी म्हणजे त्या पदार्थावाचून ज्याचे चालत नाही असा माणूस. तसा असेल तर मी आजच अर्ज करते. नसेल तर नसलेले व्यसन मी कागदावर आणणार नाही, आणि तुम्हीही त्याच्या डोक्यात ते घालू नका.” त्यांनी त्याला जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे पाठवले. तीन भेटींनंतर आलेल्या टिपणात अवलंबित्व नाही असे लिहिले होते, आणि मॅडमनी तेच टिपण जसेच्या तसे न्यायालयात दाखल केले. सोयीचे नसलेले कागदही पुढे ठेवणारा वकील असू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिले.

दोषारोपपत्र आणि विश्लेषकाचा अहवाल आला. वजन, पंचनामा, मुद्देमालाचे सील, झडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क सांगितल्याची नोंद, हे सगळे मॅडमनी भाच्याला शेजारी बसवून ओळीने तपासले. पंचनाम्याच्या एका वेळेत तफावत होती. खटला लढवला तर त्यावर बोट ठेवता येईल, निकाल काय लागेल हे सांगता येणार नाही, आणि दोन वर्षे तारखा चालतील, असे त्यांनी काहीही न लपवता सांगितले. आठ दिवसांनी भाचा एकटा एसटीने त्यांच्याकडे गेला आणि जे केले ते सांगून टाकायचे आहे असे म्हणाला. त्या दिवशी आम्ही कोणीच त्याच्याबरोबर नव्हतो.

त्यानंतरचा महिना मॅडमनी फक्त शिक्षेच्या तयारीत घालवला. कबुली आणि शिक्षा यांच्यामध्ये जी दहा मिनिटे मिळतात त्यांसाठी वकील महिनाभर काम करतात, याची मला कल्पना नव्हती. प्राचार्यांचे पत्र, हजेरीपट, समुपदेशकाचे टिपण, ज्या गॅरेजमध्ये तो संध्याकाळी काम करू लागला होता त्या मालकांचा दाखला आणि कोठडीत गेलेल्या नऊ दिवसांची नोंद, एवढे कागद एका पिवळ्या फायलीत क्रमाने लावले गेले. त्यात भाच्याचे स्वतःचे एक पत्रही असावे, असे त्यांनी सांगितले होते. ते पत्र मी लिहून दिले आणि त्याने उतरवून काढले. मॅडमनी पहिल्या चार ओळी वाचून ते परत केले. “‘अनवधानाने घडलेल्या प्रमादाबद्दल’ असे एकोणीस वर्षांचा मुलगा लिहीत नाही. हे तुमचे आहे. मला त्याचे पाहिजे.” दुसऱ्या खेपेला त्याने अर्धे पान लिहिले, तेही परत आले, कारण त्यात सगळा दोष मित्रांवर होता. तिसऱ्या पत्रात त्याने लिहिले होते की एका पुडीमागे तीस रुपये सुटत, पहिल्या पैशांतून त्याने मोबाइलचा फुटलेला डिस्प्ले बदलला, आणि त्याच्याकडून घेणाऱ्यांपैकी एका मुलाने पुढे वर्गात येणे बंद केले, याची त्याला रोज आठवण येते. हा शेवटचा भाग घरात कोणालाच माहीत नव्हता. बहिणीने ते पत्र न्यायालयाच्या पायरीवर बसून वाचले.

कबुलीच्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला कोणाचा दबाव आहे का, परिणाम माहीत आहेत का, असे दोनदा विचारले, आणि नंतर शिक्षेबाबत दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले. सरकारी वकिलांनी कडक शिक्षा मागितली. त्यांचा मुद्दा वजनदार होता. पुड्या विकण्यासाठीच बांधलेल्या होत्या, आणि जागा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाजवळची होती. कलम ३२-ब मध्ये शिक्षणसंस्थेच्या आसपास केलेला गुन्हा अधिक गंभीर मानला आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आमच्या मॅडम उठल्या आणि त्यांनी शांतपणे सांगितले की ते कलम जिथे किमान शिक्षा ठरवून दिलेली आहे तिथे तिच्या वर जाण्यासाठी आहे, आणि अल्प प्रमाणाला कायद्याने किमान शिक्षा ठेवलेलीच नाही. मात्र त्यावर न थांबता त्यांनी हेही मान्य केले की विद्यार्थ्यांना विकणे ही गंभीर गोष्ट आहे आणि आरोपीने पत्रात स्वतःच ती लिहिली आहे. वय, पहिला गुन्हा, कोठडीत काढलेले नऊ दिवस, न सोडलेले शिक्षण आणि खोटे न बोलता दिलेली कबुली, एवढ्या पाच गोष्टी त्यांनी मांडल्या आणि खाली बसल्या. बोलणे सहा-सात मिनिटांचे झाले असेल.

कोठडीत काढलेले नऊ दिवस हीच कैदेची शिक्षा, शिवाय ७,००० रुपये दंड, आणि तो न भरल्यास पंधरा दिवसांची साधी कैद, असा आदेश झाला. भोगलेली कोठडी शिक्षेतून वजा करण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ मध्ये आहे. दंड घरच्यांनी भरायचा नाही, असे मॅडमनी महिनाभर आधीच बजावले होते. भाच्याने गॅरेजच्या पगारातले साठवलेले पैसे नाझरांच्या खिडकीत ठेवले. त्यातल्या बऱ्याच नोटा शंभराच्या होत्या आणि काहींना ऑइल लागलेले होते. कारकुनाने त्या दोनदा मोजल्या आणि पावती त्याच्याच हातात दिली.

निकालाची प्रत मात्र आम्हाला मागून घ्यावी लागली. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्र ताबडतोब आणि विनामूल्य मिळाले पाहिजे, हा नियम आहे. १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निकालाची प्रत आणि मोफत वकील हे दोन्ही हक्क ठामपणे सांगितले होते. त्या प्रकरणातली एक गोष्ट मॅडमनी आम्हाला जाता जाता सांगितली. होस्कोट यांना मुंबईच्या सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची कैद दिली होती आणि उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षे केली. सौम्य शिक्षेविरुद्ध सरकार अपील करू शकते, म्हणून मुदत संपेपर्यंत निश्चिंत राहू नका, हे सांगण्यासाठी त्यांनी ते उदाहरण दिले. आमच्या प्रकरणात अपील झाले नाही.

उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. कार्यालयाचा दूरध्वनी दहा वेळा लावला तर दोनदा उचलला जातो. खोली एकच असून तीन टेबलांवर तीन पक्षकार बसतात, त्यामुळे आमच्या मुलाने काय विकले हे शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबाने ऐकले, आणि त्यांच्या घरातली मारहाण आम्ही ऐकली. वकिलाशी खासगीत बोलता येणे ही आरोपीची मूलभूत गरज आहे आणि एका पडद्याचाही तिथे उपयोग झाला असता. मध्यंतरी सहा आठवडे आमची फाइल दुसऱ्या सहायकांकडे गेली होती. ते सज्जन होते, पण प्रकरण वाचलेले नव्हते, आणि एक तारीख त्यात वाया गेली. सर्वांत जास्त त्रास झाला तो पहिल्या रात्री, कारण अशी सेवा आहे हे आम्हाला पोलीस ठाण्यात कोणी सांगितले नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मदत क्रमांक ठाण्याच्या दारावर ठळक लिहिलेला असता, तर आम्ही सकाळपर्यंत ४०,००० रुपयांची जुळवाजुळव करत बसलो नसतो.

खर्चाचे विचाराल तर वकिलाची फी शून्य. झेरॉक्स, एसटीचे भाडे, जामिनाची कागदपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे यांवर अकरा महिन्यांत ३,१०० रुपये गेले. कार्यालयात कोणी एक रुपयाही मागितला नाही. निकालानंतर बहिणीने पेढ्यांचा पुडा नेला, तर मॅडमनी एक पेढा घेऊन पुडा शिपायामार्फत बाहेर बाकावर बसलेल्या पक्षकारांमध्ये वाटायला दिला.

फुकटचा वकील म्हणजे नावापुरता उभा राहणारा, असे आमच्या पतसंस्थेत आजही बोलले जाते, आणि अटकेच्या दिवशी मीही तसेच समजत होतो. आता मला कोणी विचारले तर मी पाचपैकी साडेचार गुण सांगतो, आणि अर्धा गुण त्या खोलीमुळे कापतो. पहिल्या भेटीला जाताना गुन्हा नोंद क्रमांक, अटकेचा कागद, आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि मुलाचे शाळेचे कागद बरोबर न्यावेत. ही यादी कार्यालयात कुठेच लावलेली नव्हती, म्हणून मी ती टाइप करून लेखी सूचनेसह प्राधिकरणाच्या सचिवांकडे दिली. गेल्या महिन्यात जामिनाचे कागद परत घ्यायला गेलो, तेव्हा यादी दाराशेजारी चिकटवलेली होती. पडद्याबाबत अजून काही झालेले नाही, आणि त्यासाठी मी दुसरा अर्ज दिला आहे.